खाकी पाकिटातलं पत्र

हॅलो?… हं… थांबा हं, एक मिनिट… तोंडात टाचण्या आहेत…

हां. काढल्या. बोला… अगंबाई, ताई तुम्ही! नाही नाही, कामात नाही. म्हणजे आहे, पण तुमच्याच शाळेच्या. गणवेशच शिवतेय. जिकडे बघावं तिकडे निळंच निळं… पलंगावर कापड, टेबलावर कापड. काल तुमच्या भावांना जेवायला बसायला जागा नव्हती, तर म्हणाले, मी काय हँगरला लटकून जेवू?… नाही, रागावले नाहीत. विनोद केला त्यांनी. विनोद, ताई.

लांबी? गुडघ्याखाली चार बोटं… माझी नाही, तुमची चार बोटं, आहे लक्षात. चुण्या पुढे तीन, मागे तीन. पट्टा आतून दुहेरी… हो, मागच्या वर्षीसारखा उसवणार नाही.

पोरगी? ती… क्लासला गेलीय ना. चार वाजताच. तुम्ही लावून दिलेला क्लास, चुकवेल कशी? फार छान तयारी करून घेतात त्या सिस्टर. 'तुला या शाळेत का यायचं आहे' याचं उत्तर तर आता ती झोपेतसुद्धा… हलू नकोस गं!

नाही, तुम्हाला नाही! तुम्हाला कशाला म्हणेन ताई मी हलू नकोस! मांजर आहे. शेजारचं. कापडावर येऊन बसतं… हाकलते, हाकलते. शुक! शुक!… हसू नकोस.

मांजरालाच म्हटलं. हसत नाही हो, त्याचं तोंडच तसं आहे.

काय?… ती घरात नाही ते बरंच झालं? का हो?

बोला ना. पण नणंद म्हणून बोलताय की मुख्याध्यापिका सिस्टर म्हणून, तेवढं आधी सांगा. म्हणजे उभ्यानं ऐकायचं की बसून, ते ठरवते… दोन्ही? मग बसते.

हं… पत्र? पोचलं का! बाई म्हणाल्याच होत्या, प्राथमिक शाळेतून सगळ्या मुलींची पत्रं एकदमच तुमच्याकडे जातात. तीनदा लिहून घेतलं त्यांनी. अक्षर बरं आहे ना?… मग?… मायना चुकलाय? काय लिहिलंय?

'प्रिय देवा'?

तुम्हाला 'प्रिय देवा' लिहिलंय?… नाही हो, थट्टा नाही करणार ती. मान देते ती तुम्हाला, पण इतका… थांबा. थांबा, थांबा. पाकीट कुठलं आहे? खाकीच? वर तुमच्या शाळेचा पत्ता?… आणि आत 'प्रिय देवा'. अरे देवा!

तुम्हाला नाही, देवाला म्हटलं.

अहो, मागच्या शुक्रवारी त्यांचा चिंतनाचा दिवस झाला ना, शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचा? सकाळी बाईंनी तुमच्यासाठी पत्र लिहून घेतलं, आणि दुपारी फादरांनी देवाला पत्र लिहायला बसवलं. मनात असेल ते लिहा, कुणी वाचणार नाही, पाकीट बंद करा. मग चर्चच्या अंगणात घमेल्यात सगळी पत्रं जाळायची. धूर वर गेला की पत्र पोचलं… हो, तुमच्या वेळेपासूनचीच पद्धत. खाकी पाकीट शाळेचं, पांढरं देवाचं. दोन्ही पत्रं एकाच वहीच्या कागदावर, घडीही सारखीच. भरताना हिनं इकडचं तिकडे केलं असणार… म्हणजे काय, तुमचं पत्र जळलं, ताई. 'आपली आज्ञाधारक' वगैरे सगळं वर गेलं. देव बसला असेल वाचत, की या मुलीला शिस्तीची आवड आहे आणि तिला गायनवृंदात भाग घ्यायचा आहे.

हसत नाहीये मी. खरंच नाही.

मग तुम्ही ते… पुढं वाचलंत?… हो, तुमच्या नावानं आलं म्हटल्यावर… नाही, तुमची चूक नाही. पण मायना वाचल्यावर तरी… हो. हो ताई. मुख्याध्यापिकेला सगळी पत्रं वाचावीच लागतात. हो.

उतरू नकोस! तशीच उभी राहा, कमरेला टाचण्या आहेत!… मांजर हो. मांजराच्या कमरेला नाही ताई, कापडाच्या!

नको, वाचून दाखवू नका. देवाचं पत्र ते, आपण कशाला… बरं. बरं, वाचा.

हं…

'आत्याच्या शाळेत मला जागा मिळू देऊ नकोस.' हं… 'मुलाखतीत मला सगळी उत्तरं विसरू दे.'

लहान आहे हो. अकरा वर्षांचं पोर ते, काय कळतंय! मोठ्या शाळेला सगळीच घाबरतात. इतकी वर्षं एका अंगणात काढली, सहा खोल्या, एक घंटा, सगळ्या बाई नावानं हाक मारणाऱ्या. तिथून एकदम तुमच्याकडे तीन मजले आणि तासातासाला नवीन बाई… तसं नाही? मग कसं लिहिलंय?

'बाई मला ओरडणार नाहीत आणि मुली मला काही सांगणार नाहीत. मुख्याध्यापिकेच्या भाचीला कुणी डब्यातलं देत नाही.'

…हे कुठून शिकली कोण जाणे.

'मला पुलापलीकडच्या शाळेत जायचंय. बुटकी आणि चष्मेवाली तिकडे चालल्यात.' हो, मैत्रिणी तिच्या… फादरांची शाळा हो ती, मुलं-मुली एकत्र. आपल्याच धर्मप्रांताची आहे की… नाही, मी बाजू घेत नाहीये. नुसतं सांगितलं. तुमच्या शाळेची सर नाही, हे काय मला माहीत नाही?

अजून आहे? कुणाबद्दल?… माझ्याबद्दल.

…नळ?

'आत्याचा फोन झाला की आई बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून बसते.' असं लिहिलंय?

छे हो! नळ गळतो आमचा. वॉशर गेलाय. तो बघायला जाते मी… तुमच्या फोननंतरच गळतो असं कसं होईल, योगायोग… हो… काय?… 'पाणी खूप वेळ वाजतं पण आई कोरडीच बाहेर येते. नाक लाल असतं.'

सर्दी होते मला. कापडाची धूळ.

तुमच्यामुळे कशाला रडेन मी, ताई! केवढं केलंय तुम्ही आमचं. हे शिलाईचं मशीन तुमचं, हे घर तुमच्या ओळखीनं मिळालं, गणवेशाचं काम तुम्ही दिलंत. पोरीच्या बाप्तिस्म्याला तिचं नावसुद्धा तुम्हीच… हो, मी दुसरं ठरवलं होतं. पण ते… जाऊ दे. अकरा वर्षं झाली त्याला. आता तेच नाव बरं वाटतं.

तुमचे भाऊ? नाही, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना काही विचारलं की एकच उत्तर असतं, ताईला विचार. भाजी कुठली आणायची तेवढं मला विचारतात.

हो… हो, फॉर्मवर तुमच्याच शाळेचं नाव आहे. एकच शाळा लिहायची असते ना. फादरांच्या ऑफिसात दिलाय… आज पाचपर्यंतच बदल करता येतो? हो, रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर वाचलं होतं फळ्यावर. पण आपल्याला कुठं बदलायचाय… नाही हो. नाही. काळजी करू नका.

साडेचार वाजले आत्ता. पाच मिनिटं वर.

हं… नवीन पत्र? म्हणजे हे तुम्ही कुणाला दाखवणार नाही. प्रवेशाची समिती उद्या बसणार. त्याआधी तुमच्या टेबलावर दुसरं पत्र हवं… हो, चांगलं सुचलं तुम्हाला. तुम्ही सांगता, मी उतरवून घेते, आणि ती क्लासहून आली की तिच्या अक्षरात… हो. आजच करून घेते. थांबा, कागद बघते… आहे, मापं लिहायचा कागद आहे. पेन नाही सापडत या पसाऱ्यात, खडूनंच लिहिते. कच्चंच तर आहे. सांगा.

'आदरणीय सिस्टर.' हं. 'मला आपल्या शाळेत प्रवेश हवा आहे, कारण'… कारण?… 'माझी आजी आणि माझी आत्या याच शाळेत शिकल्या'… सावकाश सांगा, खडू जाड आहे… 'शिकल्या आणि त्यांच्या जीवनाला वळण लागले.' हं. 'या शाळेत येणे ही माझी स्वतःची'…

हो, ऐकतेय. लिहितेय. खडू मोडला. दुसरा घेते.

'माझी स्वतःची इच्छा आहे.'

लिहिलं, ताई.

…रडू नकोस. अगं, रडू नकोस ना.

मांजरच. आज जरा… ओरडतंय.

नाही, फाडू नका! ते पत्र फाडू नका, ताई. मला द्या… काय करणार म्हणजे? जाळीन. जाळायचंच होतं ना ते? पोचायचं राहिलंय बिचाऱ्याचं. तुमच्या टेबलावरच अडकलं… नाही, टोमणा नाही मारला. मी कशाला टोमणे मारीन तुम्हाला?

काय?… मागच्या बाजूलाही आहे? तुम्ही पाहिलंच नव्हतं?

वाचा.

…

काय म्हणालात? परत वाचा.

'पण आत्या रागावली आणि आईचं गणवेशाचं काम गेलं, तर मला जागा मिळू दे. मी जाईन. आईला मात्र असं वाटू दे की मलाच जायचं होतं.'

…

…

हो. आहे मी. आहे लाइनवर.

नाही, काही झालं नाही… ताई, एक सांगते. आमच्याकडे मांजर नाहीये… नाही, शेजारीही नाही. पोरगी आहे. क्लासला गेली नाही आज. पोट दुखतंय म्हणाली, मी म्हटलं नको जाऊ. माझ्यासमोर उभी आहे, स्टुलावर. तिच्या अंगावरच तुमच्या गणवेशाचं माप घेत होते. मधल्या मापाची आहे ना ती, दरवर्षी तिलाच उभी करते… हो. सगळं ऐकलं तिनं. खोटं बोलले मी. हो, मुलीसमोर. हो, चुकलंच.

नाही, तिला फोन देत नाही.

नाही, ताई. तुम्ही विचाराल तर 'येते' म्हणेल ती. हसत हसत म्हणेल. मागच्या बाजूला तेच तर लिहिलंय तिनं! आणि मी बघा कशी बावळट. तीन महिने ती घरभर उत्तरं पाठ करत हिंडतेय, आणि मला वाटत होतं, बरं झालं बाई, हिला आवडायला लागली शाळा. रात्री मला शांत झोप लागायची. तिनं झोपवलं मला, ताई. अकरा वर्षांच्या पोरीनं.

तिला विचारू नका. मी सांगते. नको.

शाळा नको. तुमची शाळा नको तिला… ऐकू आलं ना? मग परत कशाला म्हणायला लावताय, पहिल्यांदा म्हणतानाच जीव गेला माझा.

आहेत ना उपकार. मी कुठं नाही म्हणते? तोच तर घोटाळा आहे! तुम्ही वाईट असता तर केव्हाच भांडले असते. दोन शब्द तुम्ही, दोन शब्द मी, वर्षभर अबोला, की संपलं. पण तुम्ही चांगलंच करत आलात. न विचारता करत आलात. आता तुमच्याशी भांडायचं कुठं बसून? तुमच्याच मशीनवर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे माझी. लग्न झाल्यापासून.

हो, रडते. नळ सोडून रडते. वॉशर चांगला आहे.

…तिच्यादेखत बोलतेय, होय. तिला सगळं माहीतच आहे की. बंद दाराबाहेर उभी राहून ऐकत होती ती, पाणी मोजत.

कामाचं म्हणाल, तर तुम्हाला दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर द्या. कापलेले तेवढे शिवून देते, कापड वाया नको जायला… नाही, रागानं नाही म्हणत. माझे हात आहेत ना जागेवर. शिवणारीला कापड कुठलंही चालतं… अं? तसं म्हणायचं नव्हतं तुम्हाला? काम काढून घ्यायचं मनातही नव्हतं?… असेल. खरंच नसेल. पण आम्हा दोघींना ते कधी कळलंच नाही, ताई. आम्ही दोघी आपापल्या जागी त्याच भीतीनं 'हो हो' म्हणत होतो. आणि तुम्हाला वाटलं, किती समजूतदार आहेत.

…काढ तो. काढ गं. हात वर कर, मी सोडवते एका हातानं. ही टाचणी, ही एक… पाठीला आहे अजून, थांब… घाल तुझा फ्रॉक. आणि चपला.

हॅलो, हो. फादरांच्या ऑफिसात जातोय आम्ही. पाचला बंद होतं… त्यांना न विचारता, हो. फॉर्मवर आईबापांपैकी एकाची सही चालते, मी वाचलंय. इतके दिवस ती जागा त्यांचीच समजत होते. संध्याकाळी त्यांना सांगेन, आणि ते म्हणतील ताईला विचार. तर मी म्हणेन, झालं बोलणं.

पलीकडे जागा भरल्या असतील तर? असतील कदाचित… मग कुठंच नाही, हो. तुमचीही गेली आणि तीही गेली. कळतंय मला. पण जाऊन बघते. फादर म्हणाले नाही, तर त्यांच्या पायरीवर बसून पुढचा विचार करीन. इथं बसून नाही व्हायचा.

ठेवू?… काय?

अजून एक ओळ आहे?… सगळ्यात खाली. मघाशी वाचलीत, पण मला सांगितली नाहीत. का?… मग सांगा ना. ताई? वाचा.

'आणि आत्याला एक मैत्रीण मिळू दे. म्हणजे तिला रोज आमच्याकडे फोन करावा लागणार नाही.'

…

ताई… अहो, खवचटपणानं नाही लिहिलं तिनं. मागितलंय देवाकडे. बुटकी आणि चष्मेवाली तिला मिळाल्या, तसं तुम्हालाही कुणीतरी मिळावं म्हणून. तिच्या दृष्टीनं त्याहून मोठं काही नसतं हो.

हं… हं… चारला शाळा रिकामी होते, हो. शिपाई खोल्या बंद करत येतो… आणि मग तुम्ही फोन उचलता… हो. आमचाच नंबर… इतर सिस्टर? त्यांच्या तुम्ही वरिष्ठ पडता, खरं आहे. त्या कशाला मोकळेपणानं बोलतील… आणि पालक येतात ते प्रवेश मागायला.

आणि मी 'हो ताई, बरं ताई' करत घड्याळाकडे बघत असायचे. खरं सांगते. इतक्या वर्षांत मी आपण होऊन एकदाही फोन केला नाही तुम्हाला. काही काम असलं तरच. तुम्ही बोलायला करत होतात, मला वाटायचं सांगायला करताय.

…ताई, पाचला दहा कमी आहेत. मला निघायला हवं.

नाही, तुम्ही बोला असं नाही म्हणू शकत आत्ता. पोरगी दारात उभी आहे, चपला घालून. पळालो तरच पोचू… उद्या मी करते फोन. तुम्ही करू नका. मी करते. काम नसताना करते.

ऐका ना, ताई. तुम्ही रडताय ते ऐकू येतंय मला. इतकी वर्षं तुमचा फोन माझ्यानं कधी ठेववला नाही, आणि आज नेमका…

नाही, थांबत नाही. आलेच गं, आले!

ठेवतेय, ताई. तुम्ही रडा. मी ठेवतेय.